एका केसाची वंशावळ

२०२५ च्या जानेवारीतली गोष्ट. संक्रांत नुकतीच झाली होती. घरून परत आलेला माझा रूम पार्टनर डोक्याला रुमाल घट्ट बांधून खोलीत शिरला. थंडी वाजत असेल म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. पण होस्टेलवर कुणाचा रुमाल किती वेळ डोक्यावर टिकणार? मेसच्या रांगेत मागच्याने गमतीने तो ओढला, आणि त्याचं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. मित्राच्या डोक्यावर जागोजागी चकचकीत टक्कल पडलं होतं. रांगेतले दोघं-तिघं हसले, बाकीचे गप्प झाले. तो न जेवताच खोलीवर निघून गेला.

रात्री तो म्हणाला, "नुसता हात फिरवला का मुठीत येते ना बे! चार दिवसांत एवढे गेले. असं काय असते रे केसात, का एवढ्या वर्षांचं घट्ट बसलेलं चार दिवसांत सुटून यावं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी सिव्हिलचा विद्यार्थी. बायोलॉजीला केव्हाच रामराम ठोकलेला. पण विचार केल्यावर वाटलं, हा प्रश्न तर आपल्याच लाइनचा आहे! एखादं बांधकाम कोसळलं की आपण तीन गोष्टी विचारतो. मटेरियल काय होतं? डिझाइन कुठून आलं? आणि बिघाड नेमका कुठे झाला? हेच तीन प्रश्न घेऊन मी वाचायला बसलो. मित्रांनो, हा लेख म्हणजे त्या वाचनाची गोळाबेरीज. वाचता वाचता मी एका केसावरून थेट गोगलगाय, पोटातले जंत आणि अमिबापर्यंत जाऊन पोहोचलो, आणि फिरून पुन्हा आपल्या शेगाव तालुक्यातच आलो!

मटेरियल काय?

डोक्यावरच्या केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रॉन. त्याची ताणशक्ती २०० मेगापास्कलच्या आसपास भरते. आपल्या साध्या माइल्ड स्टीलची यील्ड स्ट्रेंथ २५०, हे लक्षात घ्या म्हणजे केसाला कमी लेखणार नाही. ७० मायक्रॉन व्यासाच्या केसाचा छेद काढून गुणाकार करा. एकटा केस पाऊणशे ग्रॅम वजन सहज पेलतो. डोक्यावर अंदाजे एक लाख केस धरले तर साडेसात टन होतात! (कृपया वसतिगृहात प्रयोग करू नये.)

हा केस ज्या प्रथिनाचा बनतो त्याचं नाव केराटिन. नखं, बैलाच्या शिंगावरचं कवच, गाईचे खूर, मेंढीची लोकर हे सगळं केराटिनच. पोळ्याला आपण बैलाच्या शिंगांना बेगड लावतो, तेव्हा खरं तर केराटिनच रंगवत असतो. पण केराटिन म्हणजे फक्त केस आणि शिंगं असा समज करून घेऊ नका. आपल्या कातडीच्या, आतड्याच्या, यकृताच्या जिवंत पेशींमध्येही केराटिनचे बारीक दोर आतल्या आत ताणलेले असतात. केस हा त्या घराण्यातला सर्वांत उशिरा आलेला, आणि बाहेर दिसणारा म्हणून प्रसिद्ध झालेला वंशज, एवढंच.

पेशी म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात आत चक्क सांगाडा असतो आणि तो तीन प्रकारच्या तंतूंचा बनतो. पहिल्या प्रकारचे मायक्रोट्यूब्यूल, म्हणजे २५ नॅनोमीटर व्यासाचे पोकळ पाइप. दुसरे ॲक्टिनचे तंतू, साधारण ७ नॅनोमीटरच्या सळया. हे दोन्ही सारखे जोडले-मोडले जातात, त्यासाठी पेशीचं इंधन खर्च होतं. त्यांना पुढचं टोक आणि मागचं टोक असतं. म्हणून त्यांच्यावरून मालवाहू प्रथिनं एकेरी रस्त्यावरच्या ट्रकसारखी धावू शकतात.

तिसऱ्या प्रकारचे तंतू साधारण १० नॅनोमीटर जाडीचे. स्नायूतल्या पातळ आणि जाड तंतूंच्या मधल्या जाडीचे, म्हणून त्यांचं नाव पडलं इंटरमीजिएट फिलामेंट. मराठीत मध्यम तंतू म्हणू. यांना पुढचं-मागचं टोक नाही, यांच्यावरून वाहतूक नाही, जुळणीला इंधनही लागत नाही. मग यांचं काम काय? ताण सोसणं! पाइप आणि सळया जास्त ताणल्या की तुटतात. मध्यम तंतू मात्र मूळ लांबीच्या दुप्पट-तिप्पट ताणले तरी शाबूत राहतात. थोडक्यात, पहिले दोघं पाइप आणि सळया, तिसरा म्हणजे दोर.

आणि दोर वळण्याची रीतही आपल्या ओळखीचीच. अंबाडीच्या वाखाचं चऱ्हाट वळताना एक पदर दुसऱ्यावर पिळतात, मग अशा जोड्या एकत्र करतात. इथेही तसंच. प्रथिनाची एक लांब साखळी असते. तिच्या मधल्या दांड्यात दर सात अमिनो आम्लांनी एक नक्षी परत येते. सातातलं पहिलं आणि चौथं अमिनो आम्ल पाण्यापासून दूर पळणारं. त्यामुळे साखळीच्या एका अंगाला पाण्याला नकोसा वाटणारा पट्टा तयार होतो. दोन साखळ्यांचे असे पट्टे एकमेकींना चिकटतात आणि दोघींचा पीळ बसतो. मग दोन जोड्या उलटसुलट तोंडं करून शेजारी बसतात, म्हणजे झाल्या चार साखळ्या. अशी आठ चौकडी एकत्र आली की ३२ साखळ्यांचा दोर तयार! तोंडं उलटसुलट असल्यामुळे दोराला पुढचं-मागचं टोक उरत नाही, हे आता कळलंच असेल.

हा दोर नसेल तर काय होतं? एक दुर्मीळ जन्मजात आजार आहे. त्यात बाळाला नुसतं उचललं, कपड्याची शिवण घासली, तरी कातडीवर पाण्याचे फोड येतात. १९९१ मध्ये लक्षात आलं की या मुलांच्या केराटिनच्या जनुकात बिघाड असतो. बिघाड एवढासा, पण दोर कच्चा निघतो आणि जरा घासलं की कातडीच्या पेशीच फाटतात. सळई न टाकता स्लॅब ओतल्यासारखंच झालं.

डिझाइन कुठून आलं?

आता खरी गंमत. पाइप आणि सळई, या दोघांचे दूरचे नातेवाईक बॅक्टेरियातही सापडतात. म्हणजे ती डिझाइनं फार जुनी. पण हा दोर कुठून आला? वनस्पतीत केराटिन नाही. बुरशीत नाही. आपल्या कपाशीच्या झाडात धागाच धागा, पण तो सेल्युलोजचा, म्हणजे साखरेचा. केराटिनशी त्याचं काही नातं नाही.

उत्तर सापडलं ते पेशीच्या अगदी आतल्या खोलीत. पेशीच्या मध्यभागी केंद्रक असतं. त्यात डीएनए ठेवलेला असतो. या केंद्रकाच्या भिंतीला आतून एक जाळी लावलेली असते. घराला आतून तट्ट्या लावाव्यात तशी. ही जाळी लॅमिन नावाच्या प्रथिनाची. आणि लॅमिनची रचना पाहिली तर तीच सातांची नक्षी, तोच पीळ! केराटिन पेशीच्या ओसरीवर, लॅमिन माजघरात, पण चेहरामोहरा एकच.

पण थांबा. नुसता पीळ सारखा दिसला म्हणून नातं ठरवता येत नाही. पीळ ही अशी सोयीची युक्ती आहे की ती दोघांना स्वतंत्रपणे सुचू शकते. २००३ मध्ये एका वाकड्या आकाराच्या बॅक्टेरियात असाच पिळाचा तंतू सापडला. त्याला क्रेसेंटिन म्हणतात. पण तो बहुधा वेगळ्याच घराण्यातला. मग लॅमिन आणि केराटिन खरंच आजोबा-नातू आहेत, हे कशावरून?

जुन्या वाड्याच्या वाटणीत खरं-खोटं ठरवायला मोडीतला कागद काढतात ना, तसा एक कागद इथेही आहे. लॅमिनच्या दांड्यात सुमारे ३५० अमिनो आम्लं असतात. आपल्या केराटिनच्या दांड्यात सुमारे ३१०. फरक नेमका ४२ अमिनो आम्लांचा, म्हणजे सातांच्या सहा नक्ष्या! आपल्या, म्हणजे पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या दोरात एका ठराविक जागचा हा सहा नक्ष्यांचा तुकडा गळालेला आहे. मग बिनकण्याच्या प्राण्यांच्या दोराचं काय? १९८८-८९ च्या सुमारास जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत क्लाउस वेबर यांच्या गटाने गोगलगाय आणि पोटात होणारा जंत यांच्या पेशीतले दोर तपासले. त्यात तो ४२ चा तुकडा जागच्या जागी होता! शिवाय या दोराची शेपटीही लॅमिनसारखीच होती. म्हणजे गोगलगाईचा दोर ओसरीवरचाच, पण अंगावर कपडे अजून माजघरातले.

मग लॅमिनमध्ये आणि त्यात फरक काय उरला? दोनच गोष्टी. लॅमिनवर केंद्रकात जाण्यासाठीचा एक पत्ता लिहिलेला असतो, आणि टोकाला भिंतीवर अडकण्यासाठी आकडा असतो. गोगलगाईच्या दोरावर ना पत्ता, ना आकडा. गोष्ट अशी घडली असावी: फार पूर्वी, प्राण्यांच्या सुरुवातीच्या काळात, लॅमिनच्या जनुकाची चुकून एक जास्तीची प्रत निघाली. मूळ प्रत आपलं काम करत राहिली. जास्तीच्या प्रतीवरचा पत्ता पुसला गेला, आकडा मोडला. पत्ता नसलेलं पत्र जसं पोस्टातच पडून राहतं, तसं ते प्रथिन केंद्रकात न जाता बाहेरच्या भागात पडून राहिलं. पण पीळ शाबूत होता. बाहेर पडल्या पडल्या त्याने दोर वळायला सुरुवात केली. आणि ताण सोसणाऱ्या पेशींना तो दोर फार उपयोगी पडला.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आपण हट्टी माणसाला टोमणा मारताना म्हणतो. इथे ती म्हण शब्दशः खरी आहे. पत्ता गेला, आकडा गेला, पुढे ४२ अमिनो आम्लंही गेली, पण पीळ काही गेला नाही!

लॅमिन स्वतः प्राण्यांहूनही जुना आहे. मातीत राहणाऱ्या एका अमिबासारख्या जिवात, डिक्टिओस्टेलियममध्ये, लॅमिनचा भाऊबंद सापडला आहे. आणि उलट बाजूचं उदाहरणही बघण्यासारखं आहे. फळमाशीच्या पेशीत दोन लॅमिन आहेत, पण ओसरीवरचा दोर एकही नाही. कीटकांच्या वंशात तो हरवूनच गेला. कपाशीवरच्या बोंडअळीचा वंश तोच. एक तर्क असा की ज्यांनी बाहेरूनच कडक कवच घातलं, त्यांना आत दोराची फारशी गरज उरली नाही. नको असलेली वस्तू उत्क्रांती सांभाळून ठेवत नाही. आपल्या होस्टेलच्या माळ्यापेक्षा तिची शिस्त बरी!

आजोबा लॅमिन बिघडला तर काय होतं, हे तुम्ही सिनेमात पाहिलेलं आहे. 'पा' हा २००९ चा चित्रपट. त्यातल्या ऑरोला जो आजार असतो तो प्रोजेरिया. २००३ मध्ये कळलं की त्याचं कारण लॅमिनच्या एका जनुकातलं एक अक्षर बदलणं. केंद्रकाची भिंत वेडीवाकडी होते आणि लहान मूल म्हातारं दिसू लागतं. त्या मुलांचेही केस गळतात.

एक घराणं, सत्तर भावंडं

एक जास्तीची प्रत निघाली की तिच्या आणखी प्रती निघतात. आज माणसाच्या शरीरात या घराण्याची सुमारे ७० जनुकं आहेत. स्नायूत डेस्मिन आहे, तो आकुंचन पावणारे धागे एका रांगेत धरून ठेवतो. मज्जातंतूत न्यूरोफिलामेंट आहे. जखम भरून आणणाऱ्या पेशीत व्हायमेंटिन आहे. आणि एकट्या केराटिनची ५४ जनुकं! त्यांचे दोन गट पडतात. एका गटाचं बिऱ्हाड १७ व्या गुणसूत्रावर, दुसऱ्याचं १२ व्या. एकाला लागून एक, चाळीतल्या खोल्यांसारखी ही जनुकं ओळीने बसलेली आहेत. त्यावरूनच कळतं की ती प्रतीवर प्रत निघून वाढली. आणि नियम असा की केराटिनचा दोर वळायला दोन्ही गटांतला एकेक पदर लागतोच. एकट्याने जमत नाही. लग्नासारखंच!

कुठल्या पेशीत कुठली जोडी, हेही ठरलेलं. म्हणून डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. केराटिन ८ आणि १८ ही जोडी आतड्या-यकृताच्या पेशीतली. गालाच्या आतल्या अस्तरात तिचं काही काम नाही. पण तोंडाच्या कॅन्सरमध्ये नेमकी ही जोडी तिथे उगवते, हे मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमधल्या मिलिंद वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ पासून केलेल्या कामात दिसून आलं. पुढे हे काम खारघरच्या ॲक्ट्रेक या संस्थेत चालू राहिलं. नको त्या पेशीत नको तो दोर वळला जाणं ही धोक्याची खूण. गेटबाहेरच्या टपरीवर खर्रा घोटून घेणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा, ही विनंती.

केसाचं केराटिन या घराण्यात फार उशिरा आलं. पण तेही अगदी नवीन नव्हे. २००८ मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी सरड्यात केसाच्या केराटिनसारखी जनुकं शोधून काढली. सरड्याला केस कुठून आले? नाहीच आले. त्याच्यात ती जनुकं नख्यांत काम करतात! सस्तन प्राणी आणि सरपटणारे प्राणी यांचा सामाईक पूर्वज तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा. म्हणजे नख्यांसाठी बनवलेलं कडक मटेरियल आपल्या पूर्वजांनी पुढे केसासाठी वापरलं. जुन्या घराचे सागवानी वासे काढून नव्या घराला लावावेत तसं. (पक्ष्यांची पिसं मात्र वेगळ्या प्रथिनाची असतात. त्यालाही 'केराटिन' म्हणायची पद्धत पडली, पण ते आडनाव सारखं असल्यासारखं आहे. भाऊबंदकी नाही.)

केस, नख, खूर यांच्या केराटिनला कातडीच्या केराटिनपेक्षा कडकपणा कशाने येतो? गंधकाने. सिस्टिन नावाच्या अमिनो आम्लात गंधक असतो. शेजारच्या दोन साखळ्यांतले गंधकाचे अणू एकमेकांचा हात धरतात आणि त्यांच्यात पूल बांधला जातो. मेकॅनिकलवाल्यांना हे नवीन नाही. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबरात गंधक घालून तापवलं आणि चिकट रबर टणक झालं. तेच हे व्हल्कनायझेशन. निसर्गाने ते कोट्यवधी वर्षं आधी केसात करून ठेवलं होतं. सिव्हिलच्या भाषेत सांगायचं तर केराटिनचे दोर म्हणजे सळया, त्यांच्याभोवती गंधकाने गच्च भरलेली दुसरी प्रथिनं म्हणजे काँक्रीट, आणि गंधकाचे पूल म्हणजे त्यांची पकड. केसाच्या वजनात जवळपास ५ टक्के गंधक असतो. केस जळाल्यावर जो वास येतो ना, तो त्याचाच.

आणि एक गोष्ट मला वाचताना चटका लावून गेली. केसाच्या मुळाशी पेशी भराभर वाढतात, केराटिनने ठासून भरतात आणि वर सरकतात. सरकता सरकता त्या मरतात, आणि मरताना त्यांचं केंद्रक मोडून टाकलं जातं. म्हणजे ज्या माजघरात आजोबा लॅमिनचा संसार होता, तेच घर पाडून नातू उभा राहतो. आपल्याला दिसतो तो केस सगळा मेलेला. जिवंत असतं ते फक्त मूळ.

बिघाड कुठे झाला?

आता परत शेगावला येऊ. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत, आणि मग आणखी काही गावांत, लोकांचे केस अचानक गळू लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. म्हातारेही, शाळकरी मुलंही. कुणी शॅम्पूला बोल लावला, कुणी खारपाणपट्ट्यातल्या पाण्याला. पाण्यात नायट्रेट जास्त निघालं, बुरशीचा संशय आला, दिल्लीहून आयसीएमआरची माणसं येऊन नमुने घेऊन गेली.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर हे नाव आपल्याला विंचूदंशावरच्या संशोधनामुळे माहीत आहे. मूळचे आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. २०२२ ची पद्मश्री त्यांना मिळाली. त्यांनी स्वतः या गावांतून फिरून अभ्यास केला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये निष्कर्ष सांगितले. १८ गावांतल्या २७९ लोकांना हा त्रास झाल्याची नोंद त्यांनी केली. बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हावर. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला आणि त्यात सेलेनियम खूप जास्त, किलोला साडेचौदा मिलिग्रॅमच्या आसपास, असं त्यांचं म्हणणं. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसातही सेलेनियम वाढलेलं त्यांना आढळलं, आणि जस्त कमी.

सेलेनियम इलेक्ट्रिकलवाल्यांना जुन्या रेक्टिफायरमुळे माहीत असेल, बाकीच्यांना झेरॉक्सच्या जुन्या ड्रममुळे. आवर्त सारणी आठवा. गंधकाच्या बरोबर खालचं घर सेलेनियमचं! एकाच रांगेतले असल्यामुळे दोघांचं वागणं सारखं. इतकं की गव्हाचं मूळही फसतं आणि गंधक समजून सेलेनियम आत घेतं. मग गंधकाच्या जागी सेलेनियम बसलेलं अमिनो आम्ल तयार होतं. आपलं शरीरही फसतं आणि तेच अमिनो आम्ल प्रथिनात बसवतं.

थोडं आपल्याला सेलेनियम लागतंच, रोज ४० ते ५५ मायक्रोग्रॅम. सुरक्षित मर्यादा ४०० च्या आसपास धरतात. आता गणित करा. किलोला साडेचौदा मिलिग्रॅम असलेल्या गव्हाच्या ३०० ग्रॅम पिठाच्या पोळ्या दिवसाला पोटात गेल्या, तर सेलेनियम झालं सुमारे ४३५० मायक्रोग्रॅम. मर्यादेच्या जवळपास अकरा पट!

मग सगळं शरीर सोडून ते केसावरच का उठतं? वंशावळ वाचली असेल तर उत्तर तुम्हीच द्याल. या घराण्यात गंधकाच्या पुलांवर सगळ्यांत जास्त भिस्त ठेवणारा सदस्य म्हणजे केस, आणि त्याच्या मागोमाग नख. जिथे गंधक जास्त, तिथे तोतया शिरायला जागाही जास्त. पूल कच्चे पडतात, केस मुळाजवळ तुटतो, हे जुनं स्पष्टीकरण. शिवाय केसाच्या मुळातल्या पेशी शरीरातल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्यांपैकी असल्याने विषाचा फटका त्यांना आधी बसतो. दोन्ही रस्ते त्याच ठिकाणी येतात. १९६० च्या दशकात चीनच्या एन्शी भागात सेलेनियम जास्त असलेलं अन्न खाऊन लोकांचे केस आणि नखं गेली होती. अमेरिकेत सेलेनियमच्या जमिनीवर चरणाऱ्या घोड्यांची आयाळ झडायची, गुरांचे खूर गळायचे. पंजाबात नवांशहर-होशियारपूर भागातल्या काही जमिनी अशाच सेलेनियमच्या आहेत.

आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याच परिसरातून नखं विद्रूप होऊन गळू लागल्याच्या बातम्या आल्या. केस डिसेंबरात, मग नखं एप्रिलमध्ये का? हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. डिसेंबरात मुळाशी जे कच्चं तयार झालं, ते पुढे सरकून दिसायला तीन-चार महिने लागणारच. नख म्हणजे आपल्या काँक्रीटच्या क्यूबसारखं. आज भरलं, निकाल नंतर.

असो. मित्राला मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्याने एकच विचारलं, "मंग येतीन का नाही परत?" मी म्हटलं, जे गेलं ते मेलेलंच होतं. मूळ जिवंत आहे, आणि त्याच्यातल्या जनुकात काही बिघाड नाही. मटेरियल चांगलं मिळालं की तो पुन्हा तसाच दोर वळील. पुढे गावागावांत पुन्हा केस उगवू लागल्याच्या बातम्या आल्याच. आमच्या खोलीत तर मार्चपर्यंत कंगवा परत टेबलावर आला.

पण तोपर्यंतचे दिवस कसे गेले ते मी पाहिलंय. तो महिनाभर वर्गात मागच्या बाकावर बसायचा, मेसला सगळे जेवून गेल्यावर जायचा. या गावांतल्या तरुण मुलींची लग्नं लांबणीवर पडली, मुलांचं कॉलेज सुटलं, असं डॉ. बावस्करांनीही सांगितलं आहे. म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, साइटवर आलेलं सिमेंटचं पोतं आपण तपासल्याशिवाय वापरत नाही, सात दिवसांचा आणि अठ्ठावीस दिवसांचा क्यूब फोडून बघतो. मग माणसाच्या पोटात जाणाऱ्या गव्हाच्या पोत्याला ही टेस्ट का नसावी? आपल्यापैकी कुणी तरी पुढे याच खात्यात, याच लॅबमध्ये बसणार आहे. त्याने हा प्रश्न लक्षात ठेवावा.

आणि दुसरी गोष्ट मेसच्या रांगेतल्यांसाठी. तो रुमाल ओढणारा मीच होतो.